गावाचं पर्यटन, गावाच्या हाती: नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नागपुरातली काही मंडळी सुटीच्या दिवशी पेंच, उमरेड, भंडारा, वर्धा या बाजूच्या गावांत पाहुणे घेऊन जातो. जेवण, मुक्काम, वाट दाखवणं, सगळं गावचे लोक करतात आणि पैसेही तेच ठरवतात. फोनवर पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत.

रिजनरेटिव्ह टुरिझम म्हणजे नेमकं काय? इको-टुरिझमचंच नवं नाव का?

नाही. कचरा टाकू नका, आवाज करू नका, प्राण्यांना त्रास देऊ नका, हे इको-टुरिझमनं शिकवलं आणि ते हवंच. पण जो तलाव आधीच गाळानं भरलाय, ज्या जंगलात आधीच रायमुनिया (घाणेरीची झुडपं) माजलीय, तिथं 'आणखी बिघडवू नका' एवढ्यानं भागत नाही. पाहुणा येऊन गेल्यावर तिथलं पाणी, माती, झाडं आणि माणसांची मिळकत थोडी तरी सुधारली पाहिजे. आमच्या आजीच्या घरी उसनी आणलेली पायली परत करताना वर मूठभर धान्य जास्त घालायची रीत होती. तेच हे. पुस्तकी मराठीत याला पुनरुज्जीवक पर्यटन म्हणतात. आम्ही बोलताना 'भर घालणारं पर्यटन' म्हणतो, गावात ते लगेच कळतं.

नागपुरात याचा काय संबंध? इथं तर सगळे वाघ बघायला येतात.

म्हणूनच तर संबंध आहे. पेंच, ताडोबा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा ही सगळी जंगलं नागपूरहून गाडीनं दोन-तीन तासांच्या आत येतात. विमानतळावर उतरलेला पाहुणा थेट गेटवर जातो, दोन सफाऱ्या करतो आणि परततो. वाटेतलं गाव त्याला गाडीच्या काचेतून दिसतं तेवढंच. त्या गावात वाघानं बैल मारलेला असतो, रानडुकरांनी धान तुडवलेलं असतं, सरपणाला जंगलात जायचं म्हणजे जीव मुठीत घेऊन. वाघाची किंमत हे लोक रोज मोजतात. मग वाघामुळे येणाऱ्या पैशावर पहिला हक्क कुणाचा?

गेटवर आम्ही पैसे भरतोच की. त्यातलं गावाला काही मिळत नाही का?

मिळतं. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 साली झालेल्या दुरुस्तीनं प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद केली. आधी जो महसूल सरकारी तिजोरीत जमा व्हायचा, तो आता या प्रतिष्ठानामार्फत संवर्धनावर आणि आसपासच्या गावांवर खर्च होऊ शकतो. गाईड आणि जिप्सीचालक बहुतेक आसपासच्या गावांतलेच असतात. बफरमधल्या, म्हणजे गाभा जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांसाठी 2015 पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, ती ग्राम परिस्थितीकीय विकास समितीमार्फत चालते.

हे सगळं चांगलंच आहे, आम्ही त्याचं मोल कमी मानत नाही. पण यात गाव घेणारा असतो आणि ठरवणारा दुसराच कुणीतरी. गाईडला रोजची मजुरी मिळते, पण किती गाड्या सोडायच्या, नवं हॉटेल कुठं उभं राहावं, बोअर किती खोल मारावी, यात त्याला कुणी विचारत नाही. आमचं सगळं म्हणणं या एका जागेवर येऊन थांबतं. गावाला 'नाही' म्हणता येत असेल, तरच ते पर्यटन गावाचं.

रिसॉर्टमध्ये गावचीच पोरं काम करतात. तोही गावाचा उद्योगच झाला ना?

रोजगार झाला, उद्योग नाही झाला. कोण वाईट आणि कोण चांगलं, असा हा प्रश्न नाही. काही रिसॉर्टवाले माणसांना नीट वागवतात, वेळेवर पगार देतात. फरक नफ्याचा आणि निर्णयाचा आहे. मालक नागपूरचा किंवा मुंबईचा असला, तर वर्षाअखेरीस उरलेला पैसा तिकडे जातो आणि गावात राहतो फक्त पगार. गावानं चालवलेल्या उद्योगात उरलेल्या पैशाचं काय करायचं हे गाव बसून ठरवतं: विहिरीचा गाळ काढायचा, शाळेला पत्रे टाकायचे, की सभासदांत वाटायचा.

भाजी कुठून येते तेही बघा. आम्ही एका मुक्कामात जेवणाचा हिशेब मांडून पाहिला होता. तांदूळ, तूर, जवस, लाखोळी, वांगी, कोंबडी, दूध सगळं गावातलंच. बाहेरून आलं ते मीठ, साखर, चहापत्ती आणि तेल. गाडीत बसून चटपटीत पदार्थांची पाकिटं फोडणाऱ्या पाहुण्यांकडून गावाला रिकामी पाकिटं तेवढी मिळतात.

कायद्यानं असा उद्योग कसा उभा करतात? बचत गट पुरतो का?

सुरुवातीला पुरतो. दहा ते वीस बायांचा गट, बँकेत खातं, महिन्याची बैठक, वहीत हिशेब. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांचे हजारो गट राज्यात आहेत, त्यामुळे ही शिस्त गावांना नवी नाही. पाहुण्यांचं जेवण, पापड, सांडगे, जवसाची चटणी एवढ्यासाठी दुसरं काही लागत नाही.

व्याप वाढला की सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी काढता येते. सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात. उत्पादक कंपनीला किमान दहा उत्पादक लागतात, आणि तिथं भाग (शेअर) कितीही घेतले तरी मत एकच. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यानं पैसा जास्त घातला म्हणून त्याचा शब्द मोठा होत नाही. कंपनी कायद्यातल्या कलम 8 ची कंपनीही असते, पण तिला नफा वाटता येत नाही. ज्या बायांनी घाम गाळला त्यांच्या हातात वर्षाअखेरीस काही पडावं असं वाटत असेल, तर तो मार्ग जपून निवडा.

जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी खरी ताकद ग्रामसभेत आहे. वनहक्क कायदा 2006 नं गावाला सामूहिक वनहक्क दिले. ते मिळाले की जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभा करते, बांबू आणि तेंदूपत्ता विकण्याचा अधिकार तिचा असतो. पेसा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा) लागू असलेल्या आदिवासी गावांत ग्रामसभेचं बळ आणखी वाढतं. आमचा अनुभव असा की ज्या गावात ग्रामसभा नियमित बसते, तिथं पर्यटनाचं भांडण होत नाही. सरपंच आणि चार पुढारी मिळून ठरवतात, तिथं दुसऱ्या वर्षी दोन तट पडलेले असतात.

विदर्भात असं कुठं झालंय, की हे नुसतं बोलायचं?

झालंय, आणि तेही पर्यटनाच्या आधीपासून. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांनी ऐकलेलं असतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा. 2009 साली त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले आणि 27 एप्रिल 2011 ला बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. मधल्या दोन वर्षांत त्यांना कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी झगडावं लागलं, ते विसरू नका. तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकजण अडला तर विषय पुढच्या बैठकीला जातो. शहरातल्या माणसाला हे वेळखाऊ वाटतं. पण एकदा ठरलं की ते मोडायला कुणी उठत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये असाच हक्क मिळाला. त्यांनी बांबू विकून गावात रोजगार आणला आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, फळ धरत नाही, आणि ते फळ पाखरं-जनावरं खातात, हा त्यांचा विचार. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. तो आपणहून सोडणारं गाव आम्हाला फार मोठं वाटतं.

तिसरं उदाहरण पाण्याचं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव आहेत, त्यांनाच मामा तलाव म्हणतात. बरेचसे कोहळी समाजानं बांधलेले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जुनी जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढायची, पाळ राखायची जुनी व्यवस्था मोडली. तलावात बेशरम नावाची वनस्पती माजली, देशी मासे कमी झाले. अलीकडच्या काळात भंडारा-गोंदियात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या लोकांनी, विशेषतः बायांनी, काही तलावांत बेशरम उपटून माशांना आसरा आणि खाद्य देणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्या. बेशरम काढणं सोपं नाही. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून मुळासकट ओढावी लागते, एक कांडकं मागं राहिलं तरी पुन्हा फुटते. आम्ही एकदा दहा पाहुण्यांना घेऊन अशा कामाला उतरलो होतो. तीन तासांत आम्ही सगळ्यांनी मिळून जेवढी काढली, तेवढी दोन मावश्यांनी काढली होती. तरीही दुपारी जेवायला बसल्यावर त्या बायांनी पाहुण्यांना माशांची, पाखरांची, पाणवनस्पतींची नावं ज्या हौसेनं सांगितली, ती ऐकून वाटलं की सहल खरी इथून सुरू झाली.

मग मेंढा बघायला नेता का?

नाही. ते प्रेक्षणीय स्थळ नाही. अभ्यासाला जायचं असेल तर ग्रामसभेला आधी पत्र लिहा आणि त्यांच्या सोयीनं जा.

आमच्याकडे एकच दिवस आहे. कुठं जावं?

वर्ध्याला. नागपूरहून सेवाग्राम साधारण 75 किलोमीटर. आश्रम सगळेच बघतात, पण वर्ध्यातल्या मगन संग्रहालयाला दोन तास द्या. गांधीजींच्या हस्ते 1938 मध्ये सुरू झालेलं हे ग्रामोद्योगाचं संग्रहालय आहे. गावातल्या कच्च्या मालातून गावातच वस्तू बनली तर पैसा कसा फिरतो, हे तिथले चरखे, घाण्या आणि अवजारं बघताना समजतं. आज ज्याला सामाजिक उद्योग म्हणतात, त्याचा पाया आपल्या दारात इतका जुना आहे. परतताना धाम नदीकाठी पवनारचा विनोबांचा आश्रम आहेच.

वर्ध्याऐवजी चंद्रपूरचा रस्ता धरलात तर वरोऱ्याजवळ आनंदवन लागतं. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये ते उभारलं. समाजानं टाकलेल्या कुष्ठरुग्णांनी स्वतःच्या श्रमानं उभे केलेले उद्योग तिथं बघायला मिळतात.

पेंचमध्ये सफारीशिवाय काही आहे का?

रात्र आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतातला पहिलाच. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या भागातल्या गावांतले दिवे बदलून त्यांचा उजेड खाली जमिनीकडे वळवला. यात जंगलाचा फायदा थेट आहे. किडे, वटवाघळं, घुबडं, निशाचर प्राणी यांना अंधार लागतोच. नागपूरच्या पोरांनी आकाशगंगा कधी पाहिलेली नसते. अमावास्येच्या आसपास, थंडीत जा. घोंगडी न्या, मोबाईल खिशात ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं तरी लागतात, आणि एकानं जरी स्क्रीन उघडला तरी सगळ्यांची वीस मिनिटं वाया जातात.

कोणता महिना चांगला?

थंडीत सगळेच येतात, हुरड्याचे दिवस असतात, हवा सुखाची. आम्ही मात्र ज्यांना सोसवेल त्यांना मार्चअखेर ते एप्रिल मोहफुलांच्या वेळी यायला सांगतो.

पहाटे चारला उठायचं. अंधारात टोपल्या घेऊन बाया निघालेल्या असतात, प्रत्येक घराची झाडं ठरलेली. झाडाखाली फुलं टपटप पडत असतात, पिवळसर पांढरी, बोटांना चिकटणारी, गोड उग्र वासाची. ऊन चढायच्या आत वेचून अंगणात वाळत घालायची. आता यातली अडचण बघा. खाली पाला असला की फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला जाळायची सवय आहे. तीच आग वारा सुटला की जंगलात शिरते. उन्हाळ्यातल्या कितीतरी वणव्यांचं मूळ हे असतं. झाडाखाली जाळी बांधली की फूल अलगद जाळीत पडतं, स्वच्छ राहतं, पाठ वाकवावी लागत नाही आणि पाला जाळायचं कारणच उरत नाही. आमच्या पाहुण्यांच्या शुल्कातून एक हिस्सा एका गावात या जाळ्यांसाठी बाजूला ठेवतात. कुणाच्या झाडाखाली आधी बांधायच्या हे बाया ठरवतात, पहिल्या वर्षी त्यांनी विधवा आणि एकट्या बायांची झाडं निवडली. आम्हाला हे सुचलं नसतं.

पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. तेव्हा गावं रोवणीत गुंतलेली असतात. तुम्हाला खरंच चिखलात उतरून धानाची रोवणी करायची असेल तरच या.

जेवायला काय मिळतं? सावजी मिळेल का?

सावजी नागपुरात खा, तिथंच ते उत्तम मिळतं. गावात त्या दिवशी घरात जे असेल ते. थंडीत ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, लाखोळीचं वरण, जवसाची चटणी. पावसाळ्यात तरोट्याची भाजी आणि वास्ते (बांबूचे कोवळे कोंब). कुणाची तब्येत नाजूक असेल तर आधी सांगा, तिखट कमी करतील. पण भिवापूरची मिरची आहे, कमी म्हणजे फार कमी होत नाही.

दर जास्त वाटतात. थोडं कमी होईल का?

होणार नाही. दर गटाच्या बैठकीत ठरतात आणि पावतीवर सगळा हिशेब लिहिलेला असतो.

मुलांना वह्या, चॉकलेटं, जुने कपडे द्यायला आणू का?

कृपया नको. एका वेळच्या वाटपानं पोरं पुढच्या प्रत्येक गाडीमागं धावायला लागतात. त्यांच्या आई-बापांनी तुम्हाला पाहुणा म्हणून घरात घेतलं आहे, त्यांच्या देखत त्यांच्या लेकरांना मागायला शिकवू नका. काही द्यायचंच असेल तर गटाला विचारा, शाळेला काय हवं ते त्यांना माहीत असतं.

कंपनीचे साठ लोक झाडं लावायला आणायचे आहेत. जमेल?

साठ नाही जमणार. वीस आणा, आणि झाडं लावण्याचा हट्ट सोडा. फोटोसाठी जुलैत लावलेलं रोप पुढच्या मेच्या उन्हात कोण जगवणार? त्याऐवजी रायमुनिया काढणं, तलावाची पाळ दुरुस्त करणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं, अशी कामं असतात. ती गावाच्या यादीतून निवडा. त्या दिवशी गावातल्या जाणत्या माणसांना तुमच्याबरोबर उभं राहून शिकवावं लागतं, त्यांची दिवसाची मजुरी धरून पैसे द्या.

खरं गावाचं आणि नुसतं नावापुरतं, हे ओळखायचं कसं?

'गावरान', 'इको', 'आदिवासी अनुभव' हे शब्द हल्ली सगळ्यांच्याच पाटीवर असतात. चार प्रश्न विचारा. जमीन कुणाच्या नावावर आहे? पैसे कुणाच्या खात्यात जातात? मागच्या वर्षी उरलेल्या पैशाचं काय केलं? आणि गावानं कधी कुणाला परत पाठवलं आहे का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा अडखळला, तर समजून घ्या. आदिवासी नाच 'मागणीनुसार' दाखवतो असं कुणी म्हणालं, तर तिथून निघा. रेला हा गोंडांचा नाच सणासुदीला, लग्नात, त्यांच्या मनानं होतो.

पाहुणे आले की गाव बिघडत नाही का?

बिघडू शकतं, आणि आमच्या हातूनही बिघडलंय. सुरुवातीच्या काळात आम्ही एका मे महिन्यात चाळीस माणसं एका गावात मुक्कामाला नेली. गावात दोन हातपंप. शहरातल्या सवयीनं सगळ्यांनी सकाळी आंघोळी उरकल्या. दहा वाजता एक पंप हवा ओढायला लागला आणि बाया कळशा घेऊन रांगेत उभ्या. कुणी एक शब्द बोललं नाही. पाहुण्याला पाण्यावरून बोलायचं नसतं ना. आम्हाला ते दुसऱ्या महिन्यात, तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आजही आठवलं की लाज वाटते.

त्यानंतर गावानंच नियम केला: एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत मुक्कामाला जास्तीत जास्त आठ जण, आंघोळीला एक बादली. पाणी कमी असेल त्या वर्षी उन्हाळ्यात मुक्काम बंद. आमचं उत्पन्न घटलं, गावाचंही घटलं. पण नियम त्यांनी केला होता, म्हणून तो टिकला.

आमच्या गावात सुरू करायचं आहे. पहिलं काय करू?

खोल्या बांधू नका. कर्ज काढून बांधलेली खोली पाहुणा नसतानाही हप्ता मागते. आधी वर्षभराचं वेळापत्रक मांडा: रोवणी कधी, कापणी कधी, मोहफूल कधी, पाणी कधी आटतं. उरलेल्या दिवसांतच पाहुणे घ्यायचे. पर्यटन हे शेतीच्या जोडीचं उत्पन्न राहू द्या, शेती सोडून त्यावर विसंबलात तर एका वर्षी माणसं आली नाहीत की हाल होतात, 2020 ला हे सगळ्यांनी पाहिलं. राज्याचं कृषी पर्यटन धोरणही 2020 चंच आहे, नोंदणीसाठी पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात चौकशी करा. सुरुवात एका जेवणापासून करा. सहा पाहुणे, एक दुपार, वहीत हिशेब. मग गाव बसेल, पुढचं ठरवेल.

आम्ही तारीख ठरवली आणि गावानं 'या वेळी नको' म्हटलं तर?

तर नाही जायचं. पैसे पूर्ण परत मिळतात. घरात कुणी गेलेलं असतं, वाघ गावाशेजारी फिरत असतो, रोवणीला माणसं कमी पडलेली असतात, कधी कारण सांगतही नाहीत. मागच्या एका पावसाळ्यात सहा जणांच्या कुटुंबाला आम्ही आदल्या संध्याकाळी फोन करून थांबवलं. ते नाराज झाले, साहजिक होतं. मग त्याच गावातून पोळ्याच्या चार दिवस आधी निरोप आला, त्या मंडळींना आता पाठवा म्हणून. मोठी दोघं रात्री बैलांच्या पूजेला थांबली आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला त्यांची धाकटी गावातल्या पोरांच्या रांगेत उसना घेतलेला लाकडी नंदी ओढत घरोघर फिरली.